थांबायचा तास

नव्या शालेय वर्षाच्या पहिल्याच दिवशी माझ्या वर्गातल्या एका मुलीने शेजारणीच्या दंडाला चावा घेतला, आणि तरीही तो त्या दिवसातला त्यातल्या त्यात शांत तास म्हणायचा. पाणी प्यायला सोडलं तर माठाजवळ एकाचा शर्ट फाटला. प्रार्थनेला उभं केलं तर मागची रांग पुढच्या रांगेवर कोसळली. मी एकीचे केस सोडवत होते तेव्हा मागे पाटी फुटल्याचा आवाज आला. वर्ग दुसरीचा. मुलं सात-आठ वर्षांची. मी बाविशीतली, डी.एड. करून नुकतीच लागलेली. ऐंशीच्या दशकातल्या मधल्या वर्षांची ही गोष्ट.

शाळा उल्हासनगरात एका जुन्या मिलिटरी बराकीत भरायची. लांबच लांब एकच दालन, मध्ये प्लायवूडच्या भिंती घालून त्याचे चार वर्ग केलेले. त्या भिंती छतापर्यंत पोचत नव्हत्या, त्यामुळे पहिलीची बाराखडी चौथीलाही पाठ व्हायची आणि चौथीचा भूगोल पहिलीला. एका बाजूने अरुंद वाट, त्या वाटेच्या टोकाला एकच दार. दुसऱ्या टोकालाही दार होतं, पण ते कायमचं बंद. त्याच्यापलीकडे फर्निचरचा कारखाना होता आणि कारखानदाराने दाराला टेकवून फळ्या रचल्या होत्या. माझी दुसरी नेमकी त्या बंद दाराच्या बाजूला, उघड्या दारापासून सगळ्यात लांब.

वर्ग माझ्या ताब्यात देताना हेडसरांनी लाकडी फूटपट्टीही दिली होती. "हा वर्ग जरा द्वाड आहे बाई. ही हातात असू द्या." पट्टी चांगली जाड होती आणि तिच्या कडा वापरून वापरून गुळगुळीत झाल्या होत्या. मी ती टेबलाच्या खणात ठेवली.

संध्याकाळी मी अंबरनाथला घरी पोचले तेव्हा आवाज बसला होता. बाबा पहिल्या पाळीहून येऊन पुढच्या खोलीत चहा पीत बसले होते. काड्यापेट्यांच्या कारखान्यात त्यांची उभी हयात गेली. बोलणं मोजकं. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा बाबा शाळकरी होते. तेव्हापासून सकाळी थोडा वेळ डोळे मिटून बसायची त्यांची सवय कधी मोडली नाही, पाळी कोणतीही असो.

"काय शिकवलंस आज?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. दिवसभर भांडणं सोडवली."

"मग आधी तेच शिकव ना," बाबा म्हणाले आणि बशीतला चहा संपवला.

ते सहज बोलले, पण मला लहानपणची एक सकाळ आठवली. आमच्या चाळीसमोर नगरपालिकेचा नळ होता. बाबा आणि मी रांगेत होतो. आमची पाळी आली तेव्हा पलीकडच्या चाळीतला एक माणूस पुढे आला आणि म्हणाला, "तुमची भांडी बाजूला घ्या, आमचं होऊ द्या आधी." मग तो आणखी एक शब्द बोलला. तो मी इथे लिहिणार नाही. बाबांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. मला वाटलं, आता हंडाच त्याच्या डोक्यात घालतात. बाबांनी हंडा खाली ठेवला. हंड्याच्या काठाकडे बघत ते थोडा वेळ नुसते उभे राहिले. मग रोजच्या आवाजात म्हणाले, "नंबर आमचा आहे. आम्ही भरणार, मग तुम्ही." आणि त्यांनी हंडा भरला, मग कळशी भरली, काहीही घाई न करता. तो माणूस तोंड वळवून उभा राहिला. घरी येताना हंड्यातलं पाणी हिंदकळून बाबांच्या पँटीवर सांडत होतं. मी विचारलं, "बाबा, तुम्हाला राग आला होता?"

"आला होता ना. पण त्याच्या हातात नाही दिला."

त्या संध्याकाळी चहाचे कप विसळताना मी ठरवलं, माझ्या पोरांना हे यायला हवं. पाढे आठवडाभर उशिरा आले तरी चालतील.

दुसऱ्या दिवसापासून मी प्रार्थनेनंतर पुस्तक उघडतच नव्हते. आम्ही खेळायचो. पहिला खेळ मुलांना गल्लीतूनच माहीत होता, स्टॅच्यू. वर्गभर हवं तसं फिरायचं, मी "थांबा" म्हटलं की जिथे असाल तिथे पुतळा. पाय वर तर पाय वर, तोंड उघडं तर उघडं. सुरुवातीला कुणी टिकायचं नाही. एक हसला की सगळे हसायचे. मग हळूहळू एकेक पुतळा जमायला लागला. एक भारी चुळबुळ्या मुलगा होता, त्याला बाकावर दोन मिनिटं बसवत नसे, पण पुतळा म्हटलं की तो असा गोठायचा की नाकावरची माशीसुद्धा हाकलायचा नाही. त्याला स्वतःलाच त्याचं आश्चर्य वाटायचं. "बाई, मी हललो नाय ना?" असं तो दर वेळी विचारायचा.

दुसरा खेळ पेल्याचा. स्टीलचा पेला काठोकाठ भरून द्यायचा आणि तो घेऊन खिडकीपर्यंत जाऊन परत यायचं, थेंब न सांडता. सांडलं तर रागावणं नाही, कोपऱ्यातलं फडकं घ्यायचं आणि आपलं आपण पुसायचं. ज्या पोरांना मी कधी चालताना पाहिलं नव्हतं, सदा धावणारी, ती जिभेचं टोक बाहेर काढून पावलापुढे पाऊल टाकायला लागली. बाकीचे श्वास रोखून बघायचे. तेवढा वेळ वर्गात जी शांतता पसरायची ती कुठल्याही फूटपट्टीने आणता आली नसती.

तिसरा ऐकायचा. डोळे मिटायचे, बोलायचं नाही, मी टाळी वाजवली की काय काय ऐकू आलं ते सांगायचं. मागच्या कारखान्यातली करवत. रस्त्यावरचा पापडवाला. पहिलीच्या बाई कुणावर तरी रागावल्या. "बाई, तुमच्या बांगड्या." एकीने एकदा सांगितलं, "माझ्या पोटात वाजतंय," तेव्हा मी मधली सुट्टी जरा आधीच केली.

आणि एक नियम. राग आला, हात उचलावासा वाटला, की त्या हातावर बसायचं. दोन्ही हात मांडीखाली घालून, राग उतरेपर्यंत. मुलांना हे फार आवडलं. सुरुवातीला तर राग आलेला नसतानाही अर्धा वर्ग हातांवर बसलेला असायचा. "बाई, आज थांबायचा तास कधी?" असं एकीने विचारलं आणि त्या तासाला नाव पडलं.

शाळेत मात्र चर्चा सुरू झाली. प्लायवूडवरून सगळं ऐकू जायचं आणि आमच्याकडून पाढे काही ऐकू येत नव्हते. एका मुलाचे वडील दुकानाला कपडे शिवून द्यायचे, ते एके दिवशी गळ्यात टेप तसाच ठेवून दारात येऊन उभे राहिले.

"बाई, आमचा पोरगा घरी पण पाण्याचा ग्लास घेऊन फिरतो. वेटर बनवताय काय त्याला?"

"सांडतो का?" मी विचारलं.

"नाही. तसा सांडत नाही," ते जरा विचार करून म्हणाले. "आणि ग्लास ठेवला की लगेच धावतपण नाही. आईला वाटलं आजारी आहे."

ते हसत परत गेले. हेडसर मात्र हसले नाहीत. त्यांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. त्यांची खोली म्हणजे दाराजवळचं एक टेबल आणि कपाटाचा आडोसा.

"बाई, पाढे कुठवर आले?"

"अजून सुरू केले नाहीत, सर."

"पहिला धडा?"

"तोही नाही. या मुलांना आधी बसता यायला पाहिजे, सर. मग शिकवलेलं डोक्यात जाईल."

"महिनाअखेरीला साहेब तपासणीला आले तर त्यांना काय दाखवणार? पुतळे?" मग त्यांचा आवाज जरा खाली आला. वाईट माणूस नव्हता. "तुम्ही नवीन आहात म्हणून सांगतो. महिनाभर बघतो. नाहीतर हा वर्ग दुसऱ्या बाईंना द्यावा लागेल."

त्याच आठवड्यात ती मुलगी आली.

बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावरून तिचं बिऱ्हाड उल्हासनगरात आलं होतं. वडील लाकडाच्या वखारीत हमालीला लागले होते. आई तिला वर्गाच्या तोंडाशी सोडून म्हणाली, "बाई, पोर गुणाची हाय, पण हाताची जराशी जड हाय," आणि पदराने तिचं नाक पुसून निघून गेली. मुलगी वयाच्या मानाने उंच, खांद्याने रुंद, केसांना चप्प तेल. पहिल्या दिवशी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी तहान लागली म्हणून उठली.

"बाई, माना पानी पायजे."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग मागून एक जण ओरडला, "कुणाच्या माना?" आणि त्याने स्वतःची मान दोन्ही हातांत धरली. झालं. सगळा वर्ग आपापली मान धरून हसायला लागला. त्या मुलीने आजूबाजूला पाहिलं, सगळ्यात जवळचा जो हसणारा होता त्याच्या कानाखाली वाजवली आणि दुसऱ्याला पाटीने हाणणार तेवढ्यात मी तिचा हात धरला.

"हातावर बस," मी म्हटलं.

ती बसली. दोन्ही हात मांडीखाली दाबून, ताठ, समोर फळ्याकडे बघत. डोळ्यांत पाणी तुडुंब, पण एक थेंब खाली पडू दिला नाही. आणि बाकीचे अजून तोंडं दाबून खिदळत होते. मी तिच्याकडे बघत राहिले आणि मला वाटलं, हे मला हवं होतं ते नाही. जिला डिवचलं ती हातांवर बसली आहे आणि ज्यांनी डिवचलं ते मोकळे आहेत. नळावर बाबा थांबले होते ते गप्प बसायला नव्हे. थांबून मग त्यांनी आपला हंडा भरला होता.

मधल्या सुट्टीत मी तिला जवळ घेतलं. "मारलंस का गं?"

"ते माना हसतान," ती म्हणाली. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघून, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे, "ह्यो आपसूक उठतंय, बाई."

सुट्टीनंतर मी फळ्यावर मधोमध लिहिलं, 'मला'. आणि वर्गाला विचारलं, "तुमच्या घरी, तुमच्या आजीकडे, शेजारी, 'मला' कसं म्हणतात?" मग कोकणातली एक मुलगी म्हणाली, "माझी आजी 'माका' म्हणते." मी लिहिलं. एकाची आई विदर्भातली, तो म्हणाला, "मले." एकाच्या शेजारी सिंधी कुटुंब, तो उड्या मारत ओरडला, "मूंखे! मूंखे, बाई!" कुणी "मेरेको" म्हणालं. फळा भरत चालला. शेवटी मी त्या मुलीकडे पाहिलं. ती उठली आणि एकेक अक्षर वेगळं काढून म्हणाली, "मा-ना." मी ते सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात लिहिलं.

"आता सगळ्यांनी पाणी मागायचं," मी म्हटलं. "प्रत्येकाने दुसऱ्याच्या घरचं."

अर्धा तास आम्ही नुसतं पाणी मागत होतो. माका, मले, मूंखे, माना. ज्याने मान धरली होती त्याच्या वाट्याला 'माना' आलं. तो उठला, त्याचे ओठ हसायला वळले, आणि मी बघतच राहिले. त्याने खालचा ओठ दातांत धरला, थांबला, आणि नीट म्हणाला, "बाई, माना पानी पायजे." मला त्या क्षणी त्याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पुढे त्याने पाढे म्हणून दाखवले तेव्हाही वाटला नाही.

त्या मुलीला मी दुसरी गोष्ट शिकवली. हातावर बसायचं, पण तिथेच थांबायचं नाही. राग जरा खाली आला की उठून उभं राहायचं आणि ज्याने दुखवलं त्याला सांगायचं. ओरडून नाही, रडून नाही. आम्ही दोघींनी सुट्टीत त्याचा सराव केला. मी चिडवायचे, ती सांगायची. पहिल्या काही वेळा तिने माझ्या दंडावर चापट्या मारल्या आणि जीभ चावली. मग एके दिवशी वर्गात कुणीतरी तिच्या तेलकट केसांवरून काहीतरी बोललं. ती हातांवर बसली. वर्ग बघत होता. थोड्या वेळाने उठली, त्याच्या बाकापाशी गेली आणि म्हणाली, "माज्या केसांना हसू नको. माना नाय आवडत." तो म्हणाला, "बरं." एवढंच झालं. मी फळ्याकडे तोंड केलं, कारण मला रडू येत होतं आणि बाईंना रडताना बघून पोरं बावचळली असती.

पण त्या आपसूक उठणाऱ्या हाताला काहीतरी काम हवं होतं. आमची घंटा म्हणजे अंगणातल्या बदामाच्या झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा. शिपाईमामा लोखंडी दांड्याने त्याच्यावर टोल द्यायचे. मी मामांना विचारलं, मधल्या सुट्टीचा टोल या मुलीला देऊ द्याल का? मामा म्हणाले, "द्यायचं काय, तिचा हात माझ्यापेक्षा बरा दिसतोय." गंमत अशी की टोल मारणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. अवघड होतं ते हेडसरांच्या टेबलावरच्या घड्याळाकडे बघत, दांडा हातात घेऊन, काटा जागेवर येईपर्यंत न मारणं. पोरं वर्गावर्गांतून तिला खुणा करायची, "मार की, मार की!" ती त्यांच्याकडे बघायचीच नाही. घड्याळ वाचायला ती त्या दिवसांत शिकली, मी न शिकवता.

महिना संपायच्या आत आम्ही पुस्तक उघडलं. आणि मग गाडी जी सुटली ती मलाच आवरेना. सांगितलेलं एकदाच ऐकायचे. पाढे प्लायवूडवरून पलीकडे जायला लागले. हेडसरांनी वर्ग दुसऱ्या बाईंना द्यायची भाषा पुन्हा केली नाही.

ऑगस्टमध्ये एका दुपारी मी वजाबाकी शिकवत होते. बंद दाराच्या फटीतून जळक्या वासाची एक लकेर आली. रेक्झिन, फोम, काय असेल ते. मग पलीकडून आरडाओरडा ऐकू आला आणि प्लायवूडच्या वरून, छताच्या कडेने, काळा धूर आमच्या वर्गात शिरला. कारखान्यात आग लागली होती. चौथीतून कुणीतरी किंचाळलं, "आग! पळा!" आणि पुढच्या तिन्ही वर्गांतली पोरं एकदम त्या अरुंद वाटेत घुसली. एकच दार. मला दिसत होतं, दारापाशी कुणीतरी पडलं, त्याच्यावर दुसरं पडलं, मागून लोंढा ढकलतोय, तिथल्या दोन्ही बाई आणि चौथीचा वर्ग घेणारे हेडसर मुलांना उपसून काढतायत आणि त्यांना ते झेपत नाहीये.

माझा वर्ग उभा राहिला होता. दारापासून सगळ्यात लांब आणि धुराच्या सगळ्यात जवळ. आमची पोरं त्या लोंढ्यात गेली असती तर खालची चिरडली असती. मी गजांच्या खिडक्या उघडल्या आणि रोज म्हणायचे तसं, तेवढ्याच आवाजात म्हटलं, "थांबा."

ती थांबली. सगळीच्या सगळी. कुणाचा पाय बाकाबाहेर, कुणाचा हात दप्तरावर.

"खाली बसा. तोंडाला रुमाल, फ्रॉक, शर्ट. धूर वर आहे, आपण खाली आहोत. मी सांगेन तेव्हा निघायचं."

ती बसली. काही रडत होती, पण बसून रडत होती. बारवीची मुलगी वाटेच्या तोंडाशी, पहिल्या बाकावर होती. पळणाऱ्यांतल्या एका मोठ्या मुलाने जाता जाता तिचा हात ओढला, "चल ना, जळशील!" तिने दुसऱ्या हाताने चौकट पकडली आणि नाही गेली. तो तसाच पुढे पळाला. ती माझ्याकडे बघत होती, दांडा हातात घेऊन घड्याळाकडे बघायची तशी.

दार मोकळं व्हायला किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. फार नसेल. मला तो फार वाटला. दारातली गर्दी विरळ झाली तसं मी म्हटलं, "आता. पहिला बाक. हात धरून, चालत." ती मुलगी पुढे झाली. मागून एकेक बाक, हात धरून, वाकून. मी शेवटी. अंगणात बदामाखाली आलो तेव्हा माझी पोरं रांगेत उभी होती, कारण बसायला कुणी सांगितलं नव्हतं. मी "बसा" म्हटलं आणि मग मीही ओल्या जमिनीवर त्यांच्यातच बसले.

कारखान्यातल्या माणसांनी आणि मग बंबाने आग विझवली. आमची मागची भिंत काळी पडली, बाकी शाळा वाचली. पडलेल्या मुलांना खरचटलं, एकाचा हात मुरगळला, तेवढ्यावर भागलं. सगळ्यांची मोजदाद झाल्यावर हेडसर माझ्यापाशी आले. त्यांच्या चष्म्याची एक काच तडकली होती. माझ्या पोरांकडे बघत ते म्हणाले, "बाई, तुमचा वर्ग पळाला असता तर आज दारात काय झालं असतं?" उत्तराची त्यांना गरज नव्हती. "पुढच्या जूनपासून हा तास चारही वर्गांना. आधी आम्हाला शिकवा."

पण एक काम बाकी होतं. आठवड्याने संस्थेच्या लोकांची बैठक झाली, शाळेतच, माझ्याच वर्गात. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, नारळ दिला. मग मी उठून म्हटलं, "मागचं दार उघडलं पाहिजे."

संस्थेचे एक जण म्हणाले, "बघू बाई. कारखानदाराशी बोलावं लागेल. त्यांचं सामान असतं."

"बोला ना. मी थांबते."

"आता लगेच नाही, पुढच्या बैठकीत..."

मला राग आला होता. कानशिलं तापली होती. बाकाच्या कडेवर हात टेकून मी जरा वेळ उभी राहिले. मग म्हटलं, "मुलांनी थांबायचं तेवढं थांबून झालं आहे. आता मोठ्यांची पाळी. दार उघडल्याशिवाय मी दुसरीचा वर्ग या जागी बसवणार नाही. अंगणात झाडाखाली बसवेन." माझा आवाज चढला नाही, ते मला आजही नीट आठवतं. हेडसर माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. म्हणाले, "मी पण." पुढच्या आठवड्यात फळ्या हलल्या आणि ते दार उघडलं. बिजागऱ्या इतक्या गंजल्या होत्या की सुताराला बोलवावं लागलं. तो त्या कारखान्यातलाच होता.

घरी बाबांना सांगितलं. संध्याकाळी चाळीच्या जिन्यात कुणाला तरी सांगताना मला ऐकू आलं, "आमच्या पोरीने दार उघडवलं."

त्यानंतर दर जूनमध्ये आमच्या शाळेत पहिले काही आठवडे थांबायचा तास होऊ लागला. पहिलीच्या बाई, ज्यांचा आवाज प्लायवूडवरून सगळ्यात जास्त यायचा, त्यांनी पेल्याचा खेळ असा काही आपलासा केला की त्यांची पोरं माझ्या पोरांपेक्षा कमी सांडायची. दुसऱ्या शाळेतल्या काही शिक्षिका येऊन बघून गेल्या. एकीने विचारलं, "याने मुलं भित्री नाही ना होत? मार खाऊन गप्प बसणारी?" मी तिला त्या मुलीची गोष्ट सांगितली.

ती मुलगी चौथी झाल्यावर दुसऱ्या शाळेत गेली, मग तिच्या घरच्यांनी बदलापूरला बिऱ्हाड हलवलं. नव्वदीच्या दशकात कधीतरी कुळगावच्या मैदानात मुलींच्या कबड्डीचे सामने होते आणि एक शिक्षिका मैत्रीण मला बळेच घेऊन गेली. एका संघाची कॅप्टन उंच, रुंद खांद्यांची. मी तिला चालण्यावरून ओळखलं.

ती चढाईला गेली. समोरच्या मुलीने तिला पकडताना नखांनी गालावर ओरबाडलं, सगळ्यांना दिसलं. गालावर रक्त आलं. पंचांचं लक्ष दुसरीकडे होतं. तिच्या बाजूची पोरं दोरीपलीकडून ओरडायला लागली, "मार तिला! सोडू नको!" तिची मूठ वळलेली मला लांबूनही दिसत होती. ती पकडीतून सुटून रेषेपर्यंत आली आणि थांबली. तळव्याने गाल पुसला, तळवा बघितला. मग वळून सरळ पंचांकडे गेली आणि गाल दाखवून काहीतरी बोलली. काय ते ऐकू आलं नाही, पण हात खाली होते आणि मान वर. पंचांनी समोरच्या मुलीला ताकीद दिली. ही परत आपल्या संघात गेली आणि पुढच्या चढाईत दोघींना बाद करून आली.

शेजारी बसलेली एक बाई, तिच्या मांडीवर नातू होता, मला म्हणाली, "बघा हो, काय पोरगी आहे! दुसरी असती तर तिथेच झिंज्या उपटल्या असत्या. कुणाची असेल?"

"माझी," मी म्हटलं. मग जरा हसून सुधारलं, "म्हणजे, दुसरीत माझ्याकडे होती."

सामना संपल्यावर मला तिला भेटायला जावं लागलं नाही. तीच मला बघून दोरीखालून वाकून आली, गालाला हळद लावलेली, धापा टाकत. पाया पडायला वाकली, मी तिला वर उचललं. ती आता माझ्यापेक्षा हातभर उंच होती. हात धरून तिने मला मैत्रिणींच्या घोळक्यात नेलं आणि त्यांना म्हणाली, "ह्या आमच्या बाई." पोरी माझ्याभोवती गोळा झाल्या, कुणीतरी खुर्ची आणली, कुणी थंड सरबत. ऊन उतरायला लागलं होतं, पुढच्या सामन्याच्या रेषा चुन्याने आखणं चाललं होतं, आणि मी त्या खुर्चीवर खूप वेळ बसून राहिले. घरी जायची मला अजिबात घाई नव्हती.